लोट्यातली ताकद

"ताई, ताकदीचं काही द्या."

सुरतेतल्या भेस्तानच्या मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे मी जितकी वर्षं उभी राहिले, तितकी वर्षं हे वाक्य ऐकलं. डोकं दुखणारा सरळ डोकं दुखतं म्हणतो, खोकल्याचा पेशंट खोकूनच दाखवतो. ताकद मागणारा मात्र आधी दुकानात दुसरं कुणी नाही ना ते बघतो, मग काउंटरवर ओणवा होतो आणि आवाज खाली आणतो. धडधाकट माणसाला ताकद मागायची इतकी लाज का वाटते, हे मला कधी कळलं नाही.

मी मूळची अकोल्याची. फार्मसीचा डिप्लोमा केला, लग्न झालं आणि सुरतेत आले. मिस्टर पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये हिशेबाला होते. मी जयंतीभाईंच्या दुकानात लागले, ती नव्वदच्या दशकाची सुरुवात. गुजराती गिऱ्हाईक मला बेन म्हणायचं, खानदेशी ताई, ओडिशाचे कारीगर दीदी. मी तिन्हींना ओ द्यायची.

लोकांना वाटतं, औषधवाली म्हणजे कप्प्यातून काढून पिशवीत टाकणारी बाई. ते तर कुणीही करील. खरं काम म्हणजे कशाचं कशाशी जमत नाही, ते डोक्यात ठेवणं. गोळ्यांचं माणसांसारखंच असतं. दोघं एकेकटे सज्जन, पण एका खोलीत ठेवले की दोघंही कामाचे राहत नाहीत. लोहाची गोळी अशीच मानी. दुधाबरोबर दिली, चहाबरोबर दिली, कॅल्शियमच्या शेजारी बसवली, की ती अंगी लागतच नाही. लिंबूपाण्याबरोबर दिली की गुणाची. हे मी काही शोधून काढलेलं नाही, कॉलेजात शिकवतात. पण शिकलेलं समोरच्या माणसाच्या गळी उतरवणं, ही आमची खरी परीक्षा, आणि तिचा निकाल रोजच्या रोज लागतो.

त्या काळात शहरात व्यायामशाळा निघू लागल्या होत्या आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांमधून पावडरीचे डबे येत होते. एक साडीवाला व्यापारी आपल्या लेकाचे असे तीन डबे घेऊन आला. लेकाला तिन्ही एकत्र करून प्यायच्या होत्या. बापाची काळजी निराळी. "बेन, आमां ईंडुं तो नथी ने?" मी बारीक अक्षरं वाचली आणि सांगितलं, अंडं नाही शेठ. पनीर केल्यावर जे हिरवट पाणी घरात ओतून देतात ना, त्याची ही पूड आहे. तिन्ही डब्यांत तेच, फक्त रंग वेगळे. शेठ डब्यांकडे बघतच राहिले. मुलानं मात्र मला आयुष्यात माफ केलं नसेल.

सगळेच किस्से असे हसण्यावारी गेले नाहीत. एक पिळदार पोरगा दंडात घ्यायचं इंजेक्शन मागायला यायचा, चिठ्ठीशिवाय. मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं. मग तो यायचा बंद झाला. त्याला दुसऱ्या कुणी हो म्हटलं असणार, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

पण ज्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे, ते गोकुळचं.

दुकानामागच्या गल्लीत सगळी वस्ती खानदेशातली. अमळनेर, पारोळा, साक्री अशा गावांकडून आलेले लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कारीगर. त्यांचं कबड्डी मंडळ होतं आणि गोकुळ त्याचा मुख्य चढाईपटू. पंचविशीचा, काटक, बोलायला अगदी कमी. पोरवयात एकटाच सुरतेत आला, तेव्हा गल्लीतल्या घरांनी त्याला पाळीपाळीनं जेवू घातलं होतं. पुढे त्याचं लग्न झालं, सरला आली, तरी तो गल्लीला आपलाच पोऱ्या वाटायचा.

त्या वर्षी दसरा झाल्यावर भेस्तानच्या मैदानावर सामने होते. एका मोठ्या कंपनीची माणसं त्यांच्या संघासाठी खेळाडू हेरायला येणार होती. निवड झाली तर कंपनीत कायमची नोकरी. दिवसपाळी, राहायला क्वार्टर, आजारपणात पगारी रजा. लूमच्या कारीगराला यातलं काहीच नसतं. मीटरवर मजुरी, बारा तासांची पाळी, एक पंधरवडा दिवसा तर पुढचा रात्री, आणि कानात अखंड खडखडाट. गोकुळला तिथून बाहेर पडायची ही एकच फट दिसत होती, आणि त्याच्याबरोबर सगळ्या गल्लीलाही.

गोकुळ माझ्याकडे आला तो ताकद मागायला नव्हे, तर पोटातल्या गॅसची गोळी मागायला. चार दिवसांनी परत तेच. मग एका दुपारी सरला घाबरीघुबरी होऊन आली. नवऱ्याला हळदीसारखी पिवळी लघवी होते, शौचाला काळं होतं, कावीळ झाली की काय?

"तो काय काय घेतो?" मी विचारलं.

"गल्लीमा जे देतस ते."

थोडं खोदून विचारल्यावर यादी निघाली. सरलाला बाळंतपणात सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या उरलेल्या गोळ्या, कुणाच्या म्हातारीच्या कॅल्शियमच्या गोळ्या, कुणाचं बी कॉम्प्लेक्स, कुणाचा ग्लुकोज, जिजाबाईचं दूध. वर आणखी कसली तरी पुडी.

"आणि हे कधी कधी देता?"

"खेळाले जातांना. सगळं एकच लोटामा," सरला म्हणाली.

पिवळं बी कॉम्प्लेक्समुळं आणि काळं लोहामुळं, ते मला तिथंच कळलं. तरी मी तिला शेजारच्या डॉक्टरांकडे धाडलं, की त्याला दाखवून घे. कावीळ नव्हती. रक्त मात्र कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, लोह चालू ठेवा, पण ते कसं द्यायचं ते ताईंकडून समजून घ्या. मग त्या संध्याकाळी मी जयंतीभाईंना काउंटरवर बसवलं आणि तो लोटा बघायला गल्लीत गेले.

जिजाबाईच्या ओट्यावर तो पितळी लोटा ठेवलेला होता. जिजाबाई म्हणजे गल्लीची थोरली बाई, विधवा, चार कारीगरांना डबा देऊन घर चालवणारी. पहिलं दूध तिचं. मग एकेक जण यायचा आणि आपल्या हातानं आपला वाटा लोट्यात घालायचा. सरलानं गोळ्या कुटून आणल्या होत्या. कुणी कुस्करलेलं केळं टाकलं, कुणी ग्लुकोज ओतला. शेवटी आले जिभाऊ. तरुणपणी पहिलवान, नंतर लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मुकादम, आता निवृत्त. त्यांनी खिशातून राखाडी रंगाची पुडी काढली आणि कपाळाला लावून लोट्यात झटकली. पळीच्या दांड्यानं सगळं ढवळलं गेलं. गोकुळनं डोळे मिटून ते एका दमात संपवलं आणि गल्ली समाधानानं मैदानाकडे निघाली.

मैदानात काय व्हायचं तेच झालं. दोन चढायांनंतर गोकुळ पोट धरून कडेला बसला. ढेकर, मळमळ, थोड्या वेळानं पोटरीत गोळा. कर्णधार माझ्या देखत म्हणाला, असंच चाललं तर सामन्यात याला बाहेर ठेवावं लागेल.

मी गोकुळजवळ जाऊन बसले. म्हटलं, "हे तुला सोसत नाही, दिसतंय. मग पितोस का?"

तो पोटरी चोळत म्हणाला, "ताई, कोनले नही म्हनू?"

ज्या घरांनी जेवू घातलं, त्यांचाच हात लोट्यावर होता. एकाचं घ्यायचं आणि दुसऱ्याचं नाकारायचं, तर गल्लीत भांडण. म्हणून सगळ्यांचं, एकदम. अति तिथं माती हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण माती आपल्या वाट्यामुळं होते असं कुणालाच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीला ओट्यावर जमवलं. रात्रभर विचार करून एक गोष्ट पक्की केली होती. कुणाचंही काही बंद करायचं नाही, फक्त वेळ वाटून द्यायची. तसं मी सांगितलं. जिभाऊंनी हात वर केला.

"पोटमा जाईसन सगळं एकच व्हस ना, ताई?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हा प्रश्न मला काउंटरवर शेकडो लोकांनी विचारलेला आहे आणि प्रत्येक वेळी मी पुस्तकी उत्तर देऊन हरले आहे. त्या दिवशी मात्र समोर सगळे विणणारे बसले होते.

मी म्हटलं, "जिभाऊ, उभा ताणा आणि आडवा बाणा कापडात एकच होतात. म्हणून ताण्याचा धागा तुम्ही बाण्याच्या धोट्यात भरता का?"

जिभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "नही."

"का?"

"कापड व्हवाव नही."

"मग झालं तर," मी म्हटलं आणि वाटणीला सुरुवात केली.

लोहाची गोळी सरलाची. सकाळी उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर बऱ्याच वेळानं. बी कॉम्प्लेक्स दुपारच्या जेवणावर. खेळायच्या आधी पोटात दूध नको. केळं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे, तेही तासभर आधी. ग्लुकोजवाल्यानं आपला ग्लुकोज चहाच्या किटलीत पाणी, मीठ आणि लिंबात कालवून मैदानावर आणायचा आणि मध्ये मध्ये घोट द्यायचे, कारण घामाबरोबर मीठ जातं आणि पोटरी आखडते. दूध आणि कॅल्शियम खेळून आल्यावर. जिजाबाईंनी तोंड वाकडं केलं, पहिला मान गेला म्हणून. मी म्हटलं, मावशी, आता तुमच्या हातानं दिवस संपतो. तेव्हा कुठं त्या हसल्या.

राहिली जिभाऊंची पुडी. कुणा फिरत्या वैदूकडून घेतलेली, आत काय आहे ते देव जाणे. असली गोष्ट मी कुणाच्याही पोटात जाऊ देणार नव्हते, आणि चारचौघांत जिभाऊंना नाही म्हणणंही शक्य नव्हतं. मी म्हटलं, "ही पुडी फार कडक दिसते. ही सामन्याच्या दिवसापर्यंत देवापुढे ठेवा. आणि कोण कधी काय देतंय यावर तुम्ही नजर ठेवा. तुमच्या परवानगीशिवाय कुणी ओट्यावर काही आणायचं नाही."

जिभाऊ हळूच म्हणाले, "ताई, तू माले येडा समजस का?" आणि स्वतःच पुडी उघडून गटारात झटकली. मुकादमकी मात्र त्यांनी घेतली.

मला वाटलं काम झालं. उठता उठता सहज विचारलं, "आणि हा झोपतो कधी?"

सरलानं त्याचा दिवस सांगितला. गोकुळची रातपाळी चालू होती. सकाळी सुटायचा, पत्र्याच्या खोलीत पडायचा, नळाच्या भांडणानं आणि उन्हानं जागा व्हायचा, संध्याकाळी खेळायचा आणि परत लूमवर उभा राहायचा. मला माझाच राग आला. इतका वेळ मी गोळ्यांच्या वेळा वाटत बसले होते, आणि ज्या वेळेत त्या गोळ्या शरीरात काम करतात, ती वेळच त्याला नव्हती. व्यायाम मैदानावर होतो, पण अंग भरतं झोपेत. आणि झोप माझ्या दुकानात मिळत नव्हती.

तेवढ्यात नळाजवळून आवाज आला. "यानी रातपाळी मी करसू."

तो भटू होता. गोकुळच्याच खात्यात, शेजारच्या लूम्सवर. चाळिशीचा, बायकापोरं गावी, इथं एकटा. आदल्या दिवशीही मी त्याला तिथंच नळाजवळ उभा असलेला पाहिला होता. सगळे लोट्यात काही ना काही घालत होते तेव्हा तो पुढे आला नव्हता, कारण घालायला त्याच्याकडे काही नव्हतं. आता त्यानं सांगितलं ते असं. गोकुळची रातपाळी असेल तेव्हा त्याची दिवसपाळी असायची. सामने होईस्तोवर आपली दिवसपाळी त्यानं गोकुळला द्यायची आणि रातपाळ्या सगळ्या स्वतः करायच्या.

"आणि तू कधी झोपणार?" जिजाबाई म्हणाल्या.

"माले तशीबी झोप येत नही."

जिभाऊंनी खात्यातल्या नव्या मुकादमाशी बोलून ते जमवून दिलं.

मग गाडी रुळावर आली. गोकुळ रात्री झोपू लागला. गॅसची गोळी बंद झाली. पंधरवड्यानं त्याच्या तोंडावर जरा तजेला दिसायला लागला, आणि कर्णधार त्याला बाहेर ठेवायची भाषा विसरला. जिभाऊंचा पहारा मात्र फारच कडक. एकदा जिजाबाई वेळेआधी दूध घेऊन आल्या तर त्यांनी काठी आडवी घातली. दोघं बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते आणि मध्ये बिचारी सरला निरोप पोचवायची.

भटू दुकानात यायचा तो डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला. म्हणायचा, लूमचा रोवा, धाग्याचा उडणारा भुगा, डोळ्यांत जातो. रोवा वर्षभर जात होता, डोळे त्या दिवसांतच लाल होते. मी म्हटलं, भटूभाऊ, दुपारी तरी झोपत जा. तो म्हणाला, पत्र्याखाली कोण झोपतं, ताई? मग विचारायचा, "गोकुळचं बरं चाललंय ना?" मी हो म्हणायची. "मग बस झालं," म्हणून थेंब घेऊन जायचा. पुढे गल्लीतले कितीतरी जण लूम सोडून दुसरीकडे लागले. भटू शेवटपर्यंत लूमवरच राहिला. त्याच्यासाठी माझ्या कुठल्याच कप्प्यात काही निघालं नाही, ही रुखरुख आहेच.

सामन्याच्या दिवशी जयंतीभाईंनी स्वतःच दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "चालो बेन, जोई आवीए," म्हणाले आणि वाटेत पिशवीभर लिंबं घेतली. दसऱ्यानंतरचं ऊन काय असतं ते सुरतेत राहिलेल्यालाच माहीत. दुपारचा सामना, समोर शेजारच्या सचिन गावचा संघ, अंगानं दुप्पट. पहिल्या डावात त्यांनी आमच्यांना अक्षरशः उचलून बाहेर टाकलं. पण दुसऱ्या डावात त्यांचा एक जण पोटरी धरून खाली बसला, मग दुसरा. आमची किटली फिरत होती. जिभाऊ घोट मोजून देत होते आणि जास्त मागणाऱ्याच्या हातावर चापट मारत होते.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आम्ही मागे होतो. गोकुळ चढाईला गेला. एकाला शिवून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा शिवला. तिसऱ्यांदा तिघांनी मिळून त्याला धरला, आणि तो त्या तिघांना ओढत ओढत मधल्या रेषेपर्यंत आला. बोटं रेषेला लागली तेव्हा शेजारी उभ्या सरलानं माझा दंड इतका आवळला होता, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं. आम्ही जिंकलो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

कंपनीचे साहेब गोकुळला बाजूला घेऊन बोलले, नाव-पत्ता घेतला आणि सोमवारी कागद घेऊन यायला सांगितलं. मग जिभाऊंना म्हणाले, "इसको क्या खिलाते हो?"

जिभाऊ ताठ उभे राहिले. "साहब, खिलाते तो सब हैं. हम टाइम पे खिलाते हैं."

इतकी वर्षं मी जे लोकांना समजावत आले, ते इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

मिरवणूक दुकानासमोर आली तेव्हा मी शटर वर करून काउंटरमागे उभी राहिले होते. ढोल वाजत होता, गोकुळ कुणाच्या तरी खांद्यावर होता, आणि खाली वाद पेटला होता. जिजाबाई म्हणत होत्या, दुधामुळं. किटलीवाला म्हणत होता, पाणी नसतं तर पहिल्या डावातच आडवा झाला असता. सरलाला लोहाच्या गोळीचं श्रेय हवं होतं आणि जिभाऊंना शिस्तीचं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्हीच सांगा. खरं सांगा. कोणाच्या औषधानं झालं?"

ढोलवाल्यानंही हात थांबवला. मी सगळ्यांकडे पाहिलं. मग दुकानाच्या पायरीकडे बोट दाखवलं.

तिथं भटू बसला होता. सकाळी रातपाळी सुटल्यावर तो घरी गेलाच नव्हता, सरळ मैदानावर आला होता. त्याच्या शर्टाला अजून रोवा चिकटलेला होता. सलाइनच्या खोक्यांना डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, तो त्या सगळ्या गोंगाटात गाढ झोपला होता. जिजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गोकुळ खांद्यावरून खाली उतरला.

मी ढोलवाल्याला म्हटलं, "तुम्ही जरा पुढच्या चौकात जाऊन वाजवा. त्याला झोपू द्या."